लोड ठेवला, पण पोचला का?

इमारतीचं मॉडेल स्ट्रक्चरल ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये रन केलं, खाली ओळ आली: एरर शून्य, वॉर्निंग शून्य. जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून एका बीमचा मोमेंट डायग्राम (बीम कुठे किती वाकवला जातोय ते दाखवणारा आलेख) उघडला, तर तिथे नुसती बारीकशी कमान. शेजारच्या बीमवर भलंमोठं पोट आलेलं आणि हा असा, जणू याच्या डोक्यावर स्लॅबच नाही. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने खरंच नव्हता. स्लॅबचा लोड, म्हणजे भार, मी दिला होता, यादीत त्याचं नावही होतं, पण त्या एका पॅनेलमध्ये (बीमांमधल्या चौकटीत) तो बीमवर उतरलाच नव्हता. अर्धा दिवस गेला तेव्हा कारण सापडलं. पॅनेलच्या चार कोपऱ्यांपैकी एक नोड 3.000 मीटरऐवजी 2.995 मीटर उंचीवर होता. ड्रॉइंग इम्पोर्ट करताना तो पाच मिलिमीटर घसरला होता आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. "3 मीटर उंचीवरच्या सगळ्या पॅनेलवर एवढा लोड दे" असं मी सांगितलं होतं. सॉफ्टवेअरने शब्दशः तेवढंच केलं.

लोडच्या चुका बहुतेक अशाच असतात. त्या ओरडत नाहीत. लाल अक्षरात एरर आला की माणूस निदान शोधायला तरी लागतो. खरी भीती बिनबोभाट पूर्ण झालेल्या ॲनालिसिसची, कारण सॉफ्टवेअर फक्त व्याकरण तपासतं. वाक्य शुद्ध असलं की ते पुढे जातं, मग त्याचा अर्थ काही का असेना.

आत नेमकं काय चालतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे लोड कुठे हरवू शकतो हे कळेल. स्क्रीनवर दिसणारी इमारत सॉफ्टवेअरच्या लेखी काड्या, पत्रे आणि त्यांना जोडणारे बिंदू एवढीच असते. काड्या म्हणजे बीम-कॉलम, पत्रे म्हणजे स्लॅब-भिंती, बिंदू म्हणजे नोड. प्रत्येक नोड किती ताठ आहे याचं एक मोठं कोष्टक बनतं. दुसरीकडे कोणत्या नोडवर किती बल आहे याची यादी बनते. या दोन्हींवरून कोणता नोड किती हलेल ते काढलं जातं, आणि त्या हालचालीवरून मोमेंट, शिअर (कापू पाहणारं बल), रिॲक्शन (सपोर्टने, म्हणजे टेकूने, दिलेलं उलटं बल) वगैरे सगळं. आपण लोड बीमवर देतो, स्लॅबवर देतो, भिंतीवर दाब म्हणून देतो. पण ही सगळी रूपं शेवटी नोडवरच्या त्या यादीत उतरावी लागतात. घोटाळा होतो तो या भाषांतरात. लोड त्या यादीत आलाच नाही, तर पुढचं गणित कितीही अचूक असो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मॉडेल हातात आलं की मी मोमेंटकडे बघतच नाही. आधी ताळा.

तीन आकडे

ताळा म्हणजे तीन आकडे शेजारी शेजारी मांडायचे. पहिला, आपण कागदावर काढलेलं एकूण वजन. दुसरा, सॉफ्टवेअर म्हणतं "मला एवढा लोड मिळाला" तो. तिसरा, सपोर्टवर आलेल्या रिॲक्शनची बेरीज. प्रत्येक लोड केससाठी, म्हणजे एकेका प्रकारच्या लोडसाठी, वेगळा ताळा करायचा. अनेक केस एकत्र केलेल्या कॉम्बिनेशनवर करू नका, तिथे सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं आणि चोर सापडत नाही.

दुसरा आणि तिसरा आकडा जुळले की बरेच जण खूश होतात. पण त्यातून कळतं ते एवढंच की सॉफ्टवेअरने समीकरण नीट सोडवलं. तुमची चूक शोधायची तर पहिला आणि दुसरा जुळवावे लागतात, आणि पहिला आकडा सॉफ्टवेअर देत नाही. तो हातानेच काढायचा.

छोटं उदाहरण घेऊ. एकच खोली: 4 मीटर बाय 6 मीटर, चार कॉलम, उंची 3 मीटर. स्लॅब 150 मिलिमीटर. काँक्रीटचं वजन घनमीटरला 25 किलोन्यूटन धरलं तर स्लॅबचं वजन चौरस मीटरला 3.75 होतं, वर फरशी आणि गिलाव्याचे 1.25, मिळून 5. क्षेत्रफळ 24, म्हणजे 120 किलोन्यूटन. बीम 300 बाय 450 चे, एकूण लांबी 20 मीटर: 67.5. कॉलम 300 बाय 300 चे चार: 27. सगळं मिळून 214.5 किलोन्यूटन. स्लॅब आपण मॉडेलमध्ये काढलेला नाही, फक्त लोड म्हणून दिलाय असं समजा.

आता सॉफ्टवेअरची बेरीज 94.5 आली तर? 120 कमी आहेत, म्हणजे बरोबर स्लॅबचा लोड गायब. 309 आली तर 94.5 जास्त, म्हणजे बीम-कॉलमचं स्वतःचं वजन दोनदा धरलं गेलं. ही दुसरी चूक तर फार घरोघरची. एटॅब्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लोड पॅटर्नला स्वतःच्या वजनाचा एक गुणक असतो. "डेड"ला, म्हणजे इमारतीच्या कायमच्या वजनाला, तो 1 असतोच. फरशीसाठी नवा पॅटर्न उघडताना कुणीतरी तिथेही 1 लिहून ठेवतं आणि इमारत दोनदा तोलली जाते.

बेरीज 2104 आली तर आणखी सोपं: 214.5 ला 9.81 ने गुणून बघा. 21.9 आली तर 9.81 ने भागून बघा. पहिल्यात वजन आधीच किलोन्यूटनमध्ये असताना ते वस्तुमान समजून पुन्हा गुणलं गेलंय, दुसऱ्यात टन आणि किलोन्यूटन यांची गल्लत आहे. हजारपटीचा फरक दिसला तर मीटर-मिलिमीटर किंवा न्यूटन-किलोन्यूटन तपासा. इथे एक गंमत आहे. किलोन्यूटन प्रति मीटर आणि न्यूटन प्रति मिलिमीटर हे आकड्याने एकच. त्यामुळे बीमवरचा लोड चुकीच्या एककातही बरोबर बसतो आणि आपला धीर चेपतो. मग त्याच जोरात स्लॅबवरचा लोड टाकला की तो हजारपट होतो.

बेरीज उभ्या दिशेला 120 आणि आडव्या दिशेला 94.5 आली तर हसू नका, हे मी स्वतः पाहिलंय. स्टॅड या सॉफ्टवेअरमध्ये उभा अक्ष सहसा वाय असतो, एटॅब्स आणि सॅप या दोन्हींत झेड. एकात तयार झालेल्या हाताला दुसऱ्यात सवयीने जुनंच अक्षर पडतं, आणि इमारतीचं वजन तिला बाजूला ओढायला लागतं.

सांगायचं एवढंच की फरक आहे की नाही हे बघून थांबू नये. फरकाचा आकडा कशासारखा दिसतो ते बघावं. तो बहुतेक वेळा चुकीचं नाव सांगतो. दुसरा आणि तिसरा आकडा दशांशापर्यंत जुळायला हवेत. हातच्या हिशेबात दोन-तीन टक्के इकडेतिकडे मी चालवून घेतो, कारण सॉफ्टवेअर लांबी मध्यापासून मध्यापर्यंत मोजतं, आणि बीम-कॉलमच्या सांध्यातलं काँक्रीट दोघांच्याही खात्यात पडतं. तेवढ्यासाठी रात्र जागवण्यात अर्थ नाही.

बेरीज बरोबर, वाटणी चूक

ताळा जुळला म्हणजे काम झालं असं मात्र नाही. तीच खोली पुन्हा घ्या. स्लॅबचे 120 किलोन्यूटन चार बीमांत वाटायचे आहेत. स्लॅब दोन्ही दिशांना वाकत असेल तर कोपऱ्यांतून 45 अंशांच्या रेषा काढतात. आखूड बीमवर त्रिकोण येतो, लांब बीमवर समलंब चौकोन. 4 मीटरच्या बीमला 4 चौरस मीटर म्हणजे 20 किलोन्यूटन, 6 मीटरच्या बीमला 8 चौरस मीटर म्हणजे 40. दोन त्रिकोण, दोन समलंब, बेरीज 120.

आता तोच लोड चुकून एकदिशा म्हणून, म्हणजे स्लॅब एकाच दिशेला वाकतो असं धरून, दिला. दोन लांब बीमना 60-60, आखूड बीमना शून्य. बेरीज पुन्हा 120! ताळा म्हणतो सगळं ठीक. पण दोन्ही टोकं साधी टेकवलेली धरली तर लांब बीमचा मोमेंट 38.3 ऐवजी 45 येतो, आणि आखूड बीममध्ये 13.3 यायला हवा तिथे काहीच नाही. लांब बीम थोडा जड होईल, त्यात थोडं स्टील वाया जाईल. पण आखूड बीम स्लॅब नसल्यासारखा डिझाइन होईल. धोका त्या शून्यात आहे.

हीच गोष्ट स्लॅब पत्रा म्हणून मॉडेल केल्यावर वेगळ्या वेषात येते. मेंब्रेन म्हणून दिलेला स्लॅब लोड बीमवर सोपवतो आणि बाजूला होतो. शेल म्हणून दिलेला स्लॅब स्वतः वाकतो आणि ताठपणाप्रमाणे लोड वाटतो. पण शेलचे तुकडे बीमच्या तुकड्यांशी जुळले पाहिजेत. सहा मीटर बीमला मध्ये एकही नोड नाही आणि स्लॅबही अख्खा एकच तुकडा, असं असलं तर दोघांची भेट फक्त कोपऱ्यांत होते. लोड थेट कॉलमच्या डोक्यावर जातो आणि बीम वरून गंमत बघत राहतो. इथेही बेरीज बरोबरच असते.

म्हणून ताळ्यानंतरचा प्रश्न असा: लोड कुठल्या वाटेने खाली गेला? वाट बदलली की आकडे कसे फिरतात याचं फार दुःखद उदाहरण 17 जुलै 1981 चं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलात एकाखाली एक लटकवलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेला एकच लांब गज दोन्ही पुलांतून खाली जाणार होता. वरच्या पुलाच्या नटाला फक्त वरच्या पुलाचं वजन. बांधताना सोयीसाठी गजाचे दोन तुकडे केले आणि खालचा पूल वरच्या पुलाला लटकवला. एकूण वजनात किलोचाही फरक नाही. पण वरच्या पुलाच्या नटावर आता दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे जवळपास दुप्पट. तिथे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. पण बेरीज तीच ठेवून वाट बदलली तर काय होतं हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

वाट बघायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाकलेल्या इमारतीचं चित्र. ते शंभरपट वाढवून, हलतं करून बघा. दुय्यम बीम मुख्य बीमला जिथे भेटतो तिथे नोड नसेल, तर दुय्यम बीम मुख्य बीमच्या आरपार भुतासारखा खाली जाताना दिसतो. स्क्रीनवर दोन रेषा एकमेकींना छेदतात म्हणून त्या जोडलेल्या आहेत असं आपल्याला वाटतं. सॉफ्टवेअरला तसं वाटत नाही. तसंच एकावर एक काढले गेलेले दोन बीम: दिसतो एक, असतात दोन. वजनही दुप्पट, ताठपणाही दुप्पट. यासाठी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट शोधायची सोय असते. ती महिन्यातून एकदा नाही, प्रत्येक रनआधी वापरावी, असं माझं मत.

दिशा

आता पाण्याच्या टाकीकडे येऊ, कारण लोडच्या दिशेची चूक तिथे जितकी छान दिसते तितकी कुठेच नाही.

5 मीटर रुंद भिंत, 3 मीटर खोल पाणी. तळाशी दाब 9.81 गुणिले 3, म्हणजे चौरस मीटरला 29.4 किलोन्यूटन, वर शून्य. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढलं की भिंतीच्या दर मीटर रुंदीला 44.1, अख्ख्या भिंतीवर सुमारे 221 किलोन्यूटन. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना पाणी बाहेरच ढकलतं, त्यामुळे आडव्या रिॲक्शनची बेरीज शून्य यायला हवी.

पण दाब देताना आपण "बाहेर" असं सांगत नाही, आपण पत्र्याच्या स्वतःच्या अक्षाच्या दिशेने देतो. हा अक्ष पत्रा काढताना कोपरे कोणत्या क्रमाने टिचकवले त्यावर ठरतो. घड्याळाच्या दिशेने गेलात तर एकीकडे, उलट गेलात तर दुसरीकडे. एक भिंत उलटी निघाली की तिथलं पाणी आत ओढायला लागतं. मग दोन्ही भिंती एकाच दिशेला ढकलतात आणि आडवी रिॲक्शन सुमारे 441 येते. स्थिर पाण्याने भरलेली टाकी आपली आपण सरकायला निघाली, असं कोणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? पण कोष्टकात 441 हा आकडा बघून पुढे जाणारे असतात. त्याहून वाईट म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही भिंती उलट्या असल्या तर बेरीज पुन्हा शून्य. तेव्हा ताळ्यावर भिस्त न ठेवता लोडचे बाण स्क्रीनवर चालू करून डोळ्यांनी बघावेत.

बीमचंही असंच. ग्लोबल दिशा म्हणजे जमीन-आभाळाची दिशा. लोकल म्हणजे बीमची स्वतःची, तो तिरपा असेल तर तीही तिरपी. वजन नेहमी ग्लोबल. वाऱ्याचा दाब पृष्ठभागाला काटकोनात असतो, म्हणून तो लोकल. हे उलटं झालं तर सपाट बीमवर फरक दिसतच नाही, तिरप्या छपरावर मात्र दिसतो.

छपरावरच तिसरा पर्याय भेटतो, प्रोजेक्टेड. एखादा लोड जमिनीवरच्या सावलीच्या लांबीवर मोजतात की खऱ्या लांबीवर, हा तो प्रश्न. आडवं अंतर 6 मीटर, उतार 30 अंश, म्हणजे खरी लांबी 6.93 मीटर. लाइव्ह लोड (माणसं, सामान असा येणारा-जाणारा भार) सावलीवर मीटरला 1.5 किलोन्यूटन दिला तर 9 किलोन्यूटन. तोच खऱ्या लांबीवर दिला तर 10.4. साडेपंधरा टक्के जास्त. 45 अंशांवर एकेचाळीस टक्के. पत्र्याचं स्वतःचं वजन मात्र खऱ्या लांबीवरच द्यायचं, तिथे सावली वापरली तर कमी भरतं.

ओरडणाऱ्या चुकांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या स्वतःच पत्ता देतात. "नोड 47 अस्थिर" अशी वॉर्निंग आली की त्या नोडला कोणत्यातरी दिशेला धरणारं काही नाही, एवढाच अर्थ. सगळ्या बाजूंनी मोमेंट सोडलेले असतील (म्हणजे सांधे बिजागरीसारखे मोकळे), किंवा सपाट ट्रसवर (काड्यांच्या त्रिकोणी चौकटीवर) बाजूने लोड दिला असेल. फक्त एक सावधगिरी. काही सॉफ्टवेअर अशा वेळी तिथे स्वतःहून एक क्षीण स्प्रिंग बसवून गणित पुढे रेटतात. उत्तर येतं, वॉर्निंग शेकडो ओळींत बुडून जाते, आणि तो नोड काही मीटर सरकलेला असतो. हालचालीच्या कोष्टकात सगळ्यात मोठा आकडा आधी बघायची सवय त्यासाठीच.

आता काही जागा अशा, जिथे ताळ्याचा नियमच वेगळा चालतो. तापमानाच्या लोडची बेरीज शून्यच असते, कारण बाहेरून काहीच ढकलत नाही. 30 मीटर लांब स्टीलचा बीम 30 अंशांनी तापला तर मोकळा असल्यास 10.8 मिलिमीटर लांबतो आणि ताण शून्य. दोन्ही टोकं घट्ट धरली तर चौरस मिलिमीटरला 72 न्यूटन ताण. इथे आकडा वेडावाकडा आला तर लोड तपासू नका, सपोर्ट तपासा. भूकंपाच्या स्पेक्ट्रम ॲनालिसिसमध्ये इमारतीच्या वेगवेगळ्या झोक्यांची उत्तरं वर्गमूळाच्या पद्धतीने एकत्र करतात, त्यामुळे चिन्हं पुसली जातात, सगळं धन दिसतं. तिथल्या रिॲक्शन आणि कॉलममधली बलं एकमेकांशी समतोलात दिसत नाहीत, ती चूक नव्हे. पण भूकंपातच एक खरी चूक लपते: वस्तुमानाच्या जागी वजन दिलं तर इमारतीचा झोका 9.81 च्या वर्गमूळाने, म्हणजे 3.13 पटीने लांबतो. इमारतीचा अंदाजे कालावधी 0.6 सेकंद असायला हवा आणि 1.9 आला, तर दुसरं काही शोधायच्या आधी हे बघा.

आणि कॉम्बिनेशन. साध्या ॲनालिसिसमध्ये डेडचं उत्तर अधिक लाइव्हचं उत्तर ही बेरीज चालते. पी-डेल्टा (इमारत कलल्याने वजनाचा वाढणारा परिणाम) किंवा फक्त ताण घेणारे ब्रेसिंग (तिरपे आधार) असले की चालत नाही, कारण लोड एकत्र आले की इमारतच वेगळी वागते. लोड आधी एकत्र करून मग सोडवावे लागतात. स्टॅडमध्ये त्यासाठी "रिपीट लोड" वेगळा आहे आणि "लोड कॉम्बिनेशन" वेगळा. दुसरा नुसती उत्तरं मिळवतो. दोन्हींची नावं इतकी साळसूद आहेत की नवखा माणूस हमखास फसतो.

इतकं करूनही फरक सापडत नसेल तेव्हा मी सगळे लोड बाजूला ठेवतो. नवा लोड केस उघडतो आणि वरच्या मजल्यावरच्या संशयित बीमच्या मध्यावर 100 किलोन्यूटनचा एकच लोड ठेवतो. खाली 100 उतरले का? कोणत्या कॉलममधून किती? उतरले नाहीत तर एक मजला खाली येऊन तेच करतो. उतरले, तर मूळ लोडपैकी निम्मे परत चालू करतो, पुन्हा ताळा. मग उरलेल्यातले निम्मे. ते पाच मिलिमीटर मला असेच सापडले होते, चौथ्या फेरीत. उरलं होतं एकच पॅनेल, आणि त्याच्या चार नोडच्या उंचीचं छोटंसं कोष्टक.